पौषातली सायकल आणि दाजींची अट

पौष महिन्यात सायकलवरून निपाणीला जाणार म्हटल्यावर खासबागेतल्या आमच्या गल्लीत प्रत्येकाने मला काहीतरी दिले. समोरच्या विणकर अण्णांनी जुनी कानटोपी दिली, शेजारच्या आक्कांनी आल्याच्या वड्या दिल्या आणि ज्यांच्याजवळ द्यायला काहीच नव्हते त्यांनी सल्ला दिला. बायकोने धमकी दिली. "शिंकत परत आलासा तर काढा मी करनार न्हाय," एवढे बोलून ती चुलीकडे वळली.

मी सायकलवेडा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पोटासाठी सरकारी कचेरीत कारकुनी करतो, पण दर हिवाळ्यात चार दिवसांची रजा टाकून सायकल बाहेर काढली नाही तर मला ते वर्ष फुकट गेल्यासारखे वाटते. थंडीत सायकल कशी चालवावी याचे एक शास्त्र मी स्वतः तयार केले आहे. बनियन आणि शर्ट यांच्यामध्ये छातीवर वर्तमानपत्राची दोन पाने घालायची. वारा कागदापुढे हात टेकतो. हातात जुने पायमोजे चढवायचे, अंगठ्यासाठी भोक पाडून. मफलर कानाला कमी आणि नाकाला जास्त लागतो. चढाला स्वेटर काढायचा, उताराला घालायचा. लोक नेमके याच्या उलटे करतात, घामेजलेले अंग उताराच्या वाऱ्यात नेतात आणि मग आठवडाभर नशिबाला बोल लावत खोकत बसतात. धुके असले तर करिअरला लाल फडके बांधायचे, म्हणजे मागून येणाऱ्या उसाच्या ट्रकवाल्याला निदान काहीतरी दिसते. हे शास्त्र मी भेटेल त्याला शिकवतो. ऐकणारा सुटका करून घेण्यासाठी मान हलवतो, आणि मला तेवढे पुरते.

या वेळी मात्र नुसती हौस नव्हती. निपाणीत माझी थोरली बहीण राहते. तिला मी आक्का म्हणतो आणि तिच्या यजमानांना दाजी. दाजी तंबाखूच्या वखारीत पोती उचलता उचलता आता तिथले मुकादम झाले आहेत. त्यांची एकुलती एक मुलगी सुजाता, वय वर्षे वीस. बेळगावात राहून तिने नर्सचे शिक्षण पुरे केले आणि गेल्या महिन्यात तिला नेमणुकीचा कागद आला. जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या अंगाला, रानातल्या एका उपकेंद्रावर सोमवारी हजर व्हायचे. चार वाड्यांवरची बाळंतपणे तिच्याकडे. एका वाडीवरून दुसरीवर जायला पायवाट, नाहीतर सायकल.

एकाच दिवशी मला निपाणीहून दोन पत्रे आली. दाजींच्या कार्डात होते, "एकदा येऊन पोरीला समजावून सांगा." सुजाताच्या पत्रात होते, "मामा, एकदा येऊन आप्पांना समजावून सांगा." आमच्या घराण्यात अजून कुणी मला इतके शहाणे समजले नव्हते. मी ताबडतोब चेन साफ करायला घेतली.

गुरुवार : बेळगाव ते निपाणी

सातला निघालो. वंटमुरीच्या घाटात धुके असे होते, की माझ्याच सायकलचे पुढचे चाक मला अंदाजाने ओळखावे लागत होते. समोरून उसाच्या बैलगाड्या यायच्या त्या आधी घुंगरांतून आणि मग एकदम शिंगांतून. रस्त्यावर उसाची कांडकी सांडलेली असतात आणि ती दवाने निसरडी होतात. अशाच एका कांडक्यावरून चाक घसरून मी गाडीवानाच्या पायाशी जाऊन पडलो. त्याने खाली न उतरता विचारले, "लागलं काय रं?" मी न्हाय म्हणालो. "मग ऊस घे," म्हणून त्याने एक कांडे हातात दिले. गाडी पुढे गेली. लागले असते तर काय दिले असते कोण जाणे.

संकेश्वरच्या अलीकडे चहाला थांबलो. हॉटेल म्हणजे चार पत्रे, एक स्टोव्ह आणि एक कानडी आज्जी. "बर्री, कुंदर्री, थंडी भाळ ऐत्री," असे म्हणत तिने मला स्टोव्हशेजारी बसवले. बसा, थंडी फार आहे, हे खरेच होते. माझे ओठ चहाच्या कपाला चिकटत होते. निपाणीपर्यंत सायकलवर जाणार हे कळल्यावर तिने मला आपादमस्तक पाहिले आणि कपात आणखी थोडा चहा ओतला. आमच्याकडे बेळगावात हॉटेलवाला पुन्हा चहा ओततो तो गिऱ्हाईक ओळखीचे असले तर. इथे गिऱ्हाईक वेडे असले तरी ओततात, अशी मी नोंद केली.

निपाणी जवळ आल्याचे मैलाच्या दगडाआधी नाकाला कळते. वखारींतून तंबाखू चाळणे चालू असते, त्याचा खाट, नाकात झोंबणारा ठसका, हवेत भरून राहतो. गावातले लोक त्यात गप्पा मारतात, जेवतात, लग्ने करतात. परका माणूस वेशीत शिरला की शिंकायला लागतो. माझा जन्म तिथला, तरी वीस वर्षांच्या बेळगावाने मला परका केलेला. आक्काच्या दारात उतरेपर्यंत मी सतरा वेळा शिंकलो होतो.

"आलास? काय रं हे?" आक्का माझ्या छातीकडे बघत होती. घामाने आणि दवाने वर्तमानपत्राचा लगदा झाला होता आणि अख्खी बातमी उलट्या अक्षरांत बनियनवर उमटली होती. "गावात रेडिओ हाय की. छातीवर बातमी घिऊन याची काय गरज हुती?"

मग तिने हुलग्याचे माडगे पुढे ठेवले. गरम, लसणाची फोडणी, वर तूप. थंडीत याहून मोठे औषध नाही, आणि आक्काच्या हातचे असले तर दुसरे पांघरूणही लागत नाही.

शुक्रवार : दाजींची अट

सुजाताला लहानपणी बाळदमा होता. ती सहा-सात वर्षांची होईपर्यंत थंडी पडली की तिच्या छातीत शिट्टी वाजू लागायची आणि दाजी तिला खांद्यावर टाकून घरातल्या घरात फेऱ्या मारायचे. पुढे ते कमी झाले. आता वर्षातून एखाद्या वेळी होते, पण दाजींच्या कानातून ती शिट्टी काही गेलेली नाही.

"पावनं, तिकडची थंडी तुमास्नी ठावं न्हाय," ते मला म्हणाले. आम्ही अंगणात उन्हाला बसलो होतो. "कणकुंबीचं रान हाय ते. हितली थंडी त्याच्यापुढं कायच न्हाय. ही पोर एका वाडीवरनं दुसऱ्या वाडीवर जानार, एकटी, सायकलनं. वाटंत धाप लागली तर हाक मारायला झाडं हाईत फकस्त."

"आप्पा, आता मी नर्स हाय," सुजाता आतून म्हणाली.

"नर्सला धाप लागत न्हाय व्हय?"

 सुजाताला खरे म्हणजे कुणाची सही नको होती, काही नको होते. वीस वर्षांची, कागद तिच्या नावाचा. पण बापाने जा म्हटल्याशिवाय ती जाणार नव्हती. ज्याने खांद्यावर घेऊन हिवाळे काढले त्याच्या मनाविरुद्ध उंबरा ओलांडायचा नाही, असे तिने आईला सांगितले होते. त्यामुळे सोमवार जवळ येत होता आणि दोघेही एकमेकांच्या मायेत अडकून बसले होते.

मी माझे शास्त्र बाहेर काढले. मफलर, मोजे, चढ-उतार, सगळे. दाजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतले, हे विशेष. मग म्हणाले, "बरं. तुमचं शास्तर एवढं पक्कं हाय न्हवं? मग हिला घिऊन सायकलनं बेळगावला जावा. उद्या. रमतगमत दोन दिसांत जावा. इतवारी दुपारी मी बसनं येतो. वाटंत हिला धाप लागली न्हाय, असं तुमी तुमच्या तोंडानं सांगितलं की मी जा म्हनतो."

"आनि लागली तर?" आक्काने विचारले.

"लागली तर सोमवारी कुटं जायाचं न्हाय."

अट सुजाताने ऐकली. ती बाहेर आली, तिने भिंतीला टेकलेली आपली जुनी लेडीज सायकल उलटी केली आणि चाकात तेल घालायला बसली. मला म्हणाली, "मामा, किती वाजता निघायचं?"

शनिवार : तंबाखूचा प्रताप

आता जे सांगतो ते बायकोने वाचू नये अशी माझी इच्छा आहे. पण तिला सगळे ठाऊक आहे.

सकाळी निघताना सुजाताला मी माझ्या देखरेखीखाली सजवले. पंजाबी ड्रेस, त्यावर दाजींचा स्वेटर, नाकावरून मफलर, हातात मोजे. माझ्या छातीला मात्र कागद नव्हता. परवाच्या कागदाचा लगदा झालेला, आणि आक्काच्या घरात शिल्लक कागद म्हणजे नेमणुकीचा एकच. गावाबाहेर आलो तर एका शेतात तंबाखूची कापलेली झाडे वाळत पडली होती. दवाने पाला मऊ झालेला असतो म्हणून तो सकाळीच गोळा करतात. ती हातभर लांबीची, जाड, लवचीक पाने पाहिली आणि मला एकदम सुचले. शेतकऱ्याला विचारून चार घेतली, बनियनच्या आत दोन छातीवर आणि दोन पाठीवर घातली. वारा आत शिरायची बिशाद नव्हती.

"मामा, ते अंगाला लावून घिऊ नगासा," सुजाता म्हणाली. "वल्ला पाला हाताळनाऱ्या बायकांस्नी घेरी येती. मी बघितलंय."

"अगं, तंबाखूत जन्मलोय मी," मी म्हणालो. "मला काय हुतंय?"

असे बोलायला निपाणीतच जन्मावे लागते. परगावचा माणूस तंबाखूला भितो तरी.

संकेश्वरपर्यंत झकास गेलो. ऊन पडले, वाटेत एका शेतात हुरडा मिळाला. आमच्या बाजूला हुरड्याबरोबर गूळ देतात, इथे लसणाची चटणी दिली, दोन्ही बरोबर आहेत असे माझे मत झाले. सुजाताची चाल संथ आणि एकसारखी. मी चढाला जोर करून पुढे जायचो, वर जाऊन तिची वाट पाहत घाम पुसायचो आणि स्वतःचेच कौतुक करायचो. घाम भरपूर येत होता. छातीवरचा पाला त्यात चांगला भिजत होता.

हत्तरगीच्या अलीकडे मला तोंडाला पाणी सुटल्यासारखे झाले. मग रस्ता थोडा तिरका दिसू लागला. मग दोन रस्ते दिसू लागले, आणि मी त्यातला चुकीचा धरला. सायकल बाजूच्या चरीत आणि मी बांधावर पालथा. जे काही हुरडा-चटणी पोटात होते ते सगळे तिथे ठेवले. हातपाय थरथरत होते, कपाळ थंडगार. मरतो की काय असे वाटले, आणि खरे सांगतो, त्या वेळी मला फार भीती वाटली.

सुजाताने सायकल टाकली, माझी नाडी पाहिली आणि काही न विचारता माझा शर्ट वर करून ती चारी पाने ओढून काढून लांब भिरकावली. शेजारच्या विहिरीवरून घागरभर पाणी आणून भर थंडीत माझी छाती-पाठ पिशवीतला साबण लावून धुतली. मी कण्हत होतो. "कण्हा, पर हलू नगासा," ती म्हणाली. मग स्वतःच्या अंगावरचा दाजींचा स्वेटर काढून मला घातला, उन्हात कुशीवर निजवले आणि माझ्याशेजारी बसून घड्याळाकडे बघत राहिली. मी इतकी वर्षे तिला लहान समजत आलो होतो. त्या दिवशी बांधावर पडल्या पडल्या मला कळले, की हिच्या हातात जीव द्यायला काही हरकत नाही.

तासाभराने उठून बसता आले, पण सायकल चालवणे शक्य नव्हते. कारखान्याला ऊस टाकून गाडी घेऊन परतणारे एक म्हातारबा भेटले, धोतर, पागोटे, साठीच्या पुढचे. त्यांचे गुऱ्हाळ मैलभर पुढे रस्त्यालाच होते. गाडीत आधीच दोन म्हशींची वैरण आणि गुळाच्या काहिलीची भांडी. माझी सायकल त्यावर चढली, मला जागा उरली नाही.

"मामा, बसा मागं," सुजाता म्हणाली.

"लेडीज सायकलवर?"

"मग चालत येनार?"

अशा रीतीने, थंडीतल्या सायकलशास्त्राचा मी एकमेव जाणकार, भाचीच्या करिअरवर बसून, पाय दोन्ही बाजूंना लोंबकळत, हमरस्त्यावरून निघालो. शेतात भांगलणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. एकीने ओरडून म्हटले, "गंडसु हिंद, हेंगसु मुंद!" पुरुष मागे, बाई पुढे. सगळ्या हसल्या. सुजाताने घंटी वाजवून त्यांना उत्तर दिले. मीही हात हलवला, कारण तोंड लपवायला मफलर तिच्याकडे होता.

गुऱ्हाळावर म्हातारबांच्या बायकोने काहिलीखालच्या चुलवणाजवळ पोते टाकून दिले. बसता बसता म्हातारबांनी आडनाव विचारले. त्या प्रश्नाची आम्हाला सवय आहे; मी आडनाव सांगितले, निपाणीच्या बौद्धवाड्यातले हेही सांगितले. म्हातारबांनी "बरं" म्हटले आणि आपल्याच पेल्यात उकळती काकवी ओतून माझ्यापुढे धरली. "पी. तंबाखू उतरंल." ती रात्र आम्ही तिथेच काढली. चुलवणाची ऊब अशी, की पुढच्या पौषात घर सोडून गुऱ्हाळातच राहावे असे वाटले.

रविवार : वंटमुरीचा चढ

सकाळी म्हातारबांच्या बायकोने फिरकीचा तांब्या गरम पाण्याने भरून, वर फडके गुंडाळून सुजाताच्या हँडलला बांधून दिला. माझी तब्येत ठणठणीत झाली होती. छातीवर काहीच नव्हते आणि मी त्याविषयी कुणाशी बोललोही नाही.

धुके गुरुवारसारखेच. वंटमुरीचा चढ अर्धा झाला असेल, आणि मला मागून ती शिट्टी ऐकू आली. बारीक, ओढलेली, श्वासागणिक. मी इतक्या वर्षांनी ऐकली तरी लगेच ओळखली. मागे वळून पाहिले तर सुजाता सायकलवरून उतरली होती.

 मी सायकल तशीच टाकून तिच्याकडे धावलो आणि "दीर्घ श्वास घे, हात वर कर, पाठ चोळू का, पानी पी, नगं पिऊ नगं," असे एका दमात बोललो. तिने हाताने मला गप्प बसवले. मैलाच्या दगडावर बसली, कोपरे गुडघ्यांवर टेकवून पुढे वाकली. ओढणी तोंडावर धरली, म्हणजे गार वारा थेट आत जाऊ नये. डॉक्टरांनी दिलेली गोळी कमरेच्या पिशवीत होती, ती गरम पाण्याबरोबर घेतली. मग ओठ आवळून हळूहळू श्वास सोडू लागली, घाई नाही, गडबड नाही. मी समोर उकिडवा बसून तिच्याबरोबर नकळत तसाच श्वास सोडत होतो. एक ट्रक धुक्यातून गेला तेव्हा तिने बोटाने मला रस्त्याच्या आणखी कडेला सरकायला सांगितले.

अर्ध्या तासाने शिट्टी थांबली.

"सुजा," मी म्हणालो, "हे दाजींना कळायची गरज न्हाय. हितं कोन हाय? धुकं हाय आनि मी हाय."

"आनि तंबाखूचं?"

"तेबी नगं सांगायला."

"मग सांगनार काय मामा? रस्ता चांगला हाय म्हनून?" ती हसली, आणि मग तिचा चेहरा बदलला. "खोटं बोलून जायाचं न्हाय मला. तसं गेले तर दर पौषात आप्पांचं तोंड डोळ्यापुढं यील. तुमी खरं ते सांगा."

"खरं सांगितलं तर नोकरी जाती."

"ठावं हाय."

चढ आम्ही चालत संपवला. वर आल्यावर तिने स्वेटर घातला, मफलर नाकावर ओढला आणि उताराला लागली. माझे शास्त्र तिने माझ्यापेक्षा नीट पाळले होते.  काकतीपर्यंत मला सारखे वाटत होते, की अकरा वर्षांची शाळा, दोन वर्षांचे नर्सिंग, हे सगळे आता माझ्या एका वाक्यावर येऊन थांबले आहे, आणि ते वाक्य मला बोलायचे नव्हते.

खासबागेत पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. बायकोने दारातच माझे कपाळ चाचपले, मी शिंकतो का याची वाट पाहिली आणि मग गरम पाणी काढले. दाजी तीनच्या बसने आले. इस्त्रीचा सदरा, डोक्याला पटका, हातात आक्काने दिलेली भाकरीची फडकी. चहा झाला. त्यांनी आधी सुजाताकडे पाहिले नाही, माझ्याकडेच पाहिले.

"बोला पावनं. प्रवास कसा झाला?"

"झकास," मी म्हणालो. "ऊन चांगलं हुतं. हुरडा मिळाला. काकवी मिळाली."

"धाप?"

माझी नजर सुजाताकडे गेली. ती जमिनीकडे बघत बसली होती, पण मान सरळ होती.

"लागली, दाजी," मी म्हणालो. "आज सकाळी. वंटमुरीच्या चढाला."

मग काही राखून ठेवले नाही. शिट्टी, मैलाचा दगड, ओढणी, गोळी, अर्धा तास. आणि ओघात आलेच म्हणून तंबाखूची पाने, बांध, विहीर आणि लेडीज सायकलचे करिअरही. बायको तोंडाला पदर लावून आत पळाली, तिचे हसणे आतून ऐकू येत होते. दाजी हसले नाहीत.

"अर्धा तास," ते म्हणाले. मग पहिल्यांदा मुलीशी बोलले. "भ्या वाटलं?"

"वाटलं."

"तिकडं रानात असंच झालं तर? बाई अडलेली हाय, मानूस बोलवायला आलाय, तू निघालीस, आनि वाटंत धाप लागली. मग?"

"मग थांबीन, बसीन, गरम पानी पिईन," सुजाता म्हणाली. "उशीर हुईल आप्पा. पर पोचीन."

दाजींनी भाकरीच्या फडक्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.  संपले सगळे, असे मी मनात म्हटले. अट स्पष्ट होती आणि दाजी शब्दाचे पक्के. मला स्वतःचा इतका राग आला, की मी उठून बाहेर जाणार होतो.

"तू झालीस तवाबी पौषच हुता," दाजी म्हणाले. आवाज अगदी खाली आला होता. "तुजी आई दोन दिस अडलेली. मी सुईनीकडं तीन डाव गेलतो. तिचं दार आमच्या दारापासनं हाकंवर. तिन्ही डाव तिनं येकच सांगितलं, थंडी लई हाय, मला जमायचं न्हाय." त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. "थंडी न्हवती ती. आमच्या वाड्यात पाय ठेवायचा न्हवता तिला. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्यांनीच मोकळं केलं तुज्या आईला, जशी जमंल तशी. पुन्ना मूल झालं न्हाय."

हे मला माहीत नव्हते. माझी सख्खी बहीण, आणि वीस वर्षांत मला कुणी सांगितले नव्हते. आत बायकोचे हसणे थांबले होते. सुजाताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती.

दाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"उद्या जा," ते म्हणाले. "धाप लागली तर बस, उशीर झाला तर हू दे. पर कुनाच्याबी वाड्यातनं बोलावनं यिऊ दे पोरी, थंडीचं कारन सांगू नगंस."